काळ्या बागेची तहान

आज सकाळी आण्णांचा फोन आला. माझे वडील फोनवर फार बोलत नाहीत. जेवलीस का, परीक्षा कवा हाय, एवढं विचारून झालं की थोडा वेळ नुसता माळावरचा वारा ऐकू येतो आणि मग ते फोन ठेवतात. आज जेवणाचं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "काळ्या बागंचं पाणी तोडलं आज."

मी 'बरं' म्हटलं. हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. खाली इस्लामपूरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि त्यांच्या आडून यंदाचा पहिला द्राक्षांचा हातगाडा दिसत होता. लांबट हिरवे मणी, पाणी शिंपडून चमकवलेले. त्या गाड्यावर आमची काळी द्राक्षं कधी नसतात. ती बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. कुणी खायला घेत नाही. त्यांची वाईन होते.

पाणी तोडणं हा आमच्याकडचा रोजच्या वापरातला शब्द आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तो व्हॉल्व्ह बंद करायला आण्णांना आठ दिवस लागले होते. आणि तो त्यांनी मी सांगितलं म्हणून बंद केला होता. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या सांगण्यावरून कुणी काही करतं आणि ते बिघडूही शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या दीड महिन्याबद्दल लिहावं, असं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठे महांकाळच्या पुढं. आजोबांच्या आणि आण्णांच्या पायाखाली आयुष्यभर वाट होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं, कृष्णाकाठच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची, पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचं. मला कॉलेजात सोडायला आण्णा पहिल्यांदा आले, तेव्हा गेटबाहेर उभं राहून त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "हितं तवा शाळू असायचा. आपली मेंढरं बसली हायत हितं." माझ्या वर्गातल्या कुणाच्या वडिलांनी त्या जागेची अशी ओळख सांगितली नसेल.

मग आमच्याकडं कालव्याचं पाणी आलं. ज्या गावात लग्न ठरवताना आड किती खोल आहे हे विचारायचे, तिथं चारीतून पाणी वाहायला लागलं. आण्णांनी मेंढरं विकली. मेंढरांच्या वाड्याची जागा अर्धा एकर होती. वरची बाजू निव्वळ मुरूम, खालची ओढ्याकडं उतरत गेलेली, तिथं थोडी काळी माती. त्या जागेवर त्यांनी पहिली बाग लावली ती वाईनच्या द्राक्षांची. एका वायनरीचे लोक तेव्हा गावोगाव फिरून लावायला वेलीच्या काड्या देत होते. गावातल्या चौघांनी लावली. पुढं तिघांनी खोडं कापून त्यावर हिरव्या द्राक्षाची कलमं चढवली, कारण हिरव्याचा बेदाणा करता येतो, ते आपल्या हातातलं काम. आण्णांनीही बाकीच्या रानात हिरवीच लावली. पण वाड्याच्या जागेवरची काळी त्यांनी ठेवली. का ठेवली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, मेंढरांच्या जागी दुसरं काहीतरी जिवंत, पहिल्यांदा, त्यांच्या हातानं उभं राहिलं होतं म्हणून.

त्या जातीचं नाव टेंप्रानियो. आण्णा तिला नुसतं 'काळी' म्हणतात. गावात लोक 'दारूची बाग' म्हणतात. गंमत म्हणजे आमच्या घरात कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नाही. बारा-तेरा वर्षं आम्ही त्या वेली वाढवल्या, आणि त्यांच्यापासून होतं ते कसं लागतं, हे घरातल्या एकालाही माहीत नव्हतं. ज्या मुलीचं सासर कुणी पाहिलेलं नाही, तिला दर वर्षी नटवून गाडीत बसवावं, तसं ते होतं.

आणि नटवायचं म्हणजे कसं, ते आण्णांना एकाच तऱ्हेनं ठाऊक होतं. त्याच्या आदल्या हंगामात एप्रिलच्या छाटणीनंतर आण्णांच्या चुलतभावाची मेंढरं आमच्या बाजूनं चालली होती. आण्णांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि तीनशे मेंढरं पाच दिवस काळ्या बागेत बसवली. मेंढरं बसलेलं रान म्हणजे आमच्याकडं भाग्याचं रान. लोक त्यासाठी धनगराची वाट बघतात, आणि आम्ही तर घरचेच. बाग अशी उठली की ओळीतून चालताना पानं तोंडावर यायची. वर भरपूर पाणी. मणी टपोरे झाले. आण्णांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते दाखवले.

वायनरीचे दीक्षित सर तोडणीआधी बघायला आले. साठीच्या आतबाहेरचे, अंगात खिशाखिशांचं जाकीट, बोलणं हळू. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, साल चावली, बी दाताखाली फोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी सुट्टीला आले होते, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी आण्णांना विचारलं की बागेला काय काय दिलं. आण्णांनी सगळं सांगितलं, अभिमानानं. सर म्हणाले, "अण्णा, तुम्ही हिला पाहुण्यासारखं जेवू घातलंत. हिच्यात पाणी आलं, हिचं स्वतःचं काही उरलं नाही." माल त्यांनी त्या वर्षी नेला, पण साध्या वाईनमध्ये मिसळण्यापुरता. जाताना बांधावर थांबून सांगितलं की पुढच्या वर्षी एकदा बघू, तसंच निघालं तर मला घेता येणार नाही, मग तुम्हीही हिरव्याचं कलम करून टाका.

आण्णा त्यांना गाडीपर्यंत पोचवून आले. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, "पोटभर दिलं हे चुकलं म्हणं."

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात आम्हाला आंबवण्याच्या प्रक्रियेचा विषय आला. शिकवणाऱ्या मॅडमना मी वर्गानंतर घाबरत घाबरत सांगितलं की आमच्याकडं टेंप्रानियो आहे. त्यांना इतका आनंद झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मला ग्रंथालयातली दोन जाड पुस्तकं काढून दिली. इंग्रजी होती. मी एकेक परिच्छेद शब्दकोश उघडून वाचायची आणि वहीत मराठीत उतरवायची. ती वही अजून आहे. तिच्यात नावं आहेत, जी मी आधी कधी ऐकली नव्हती, आणि वाचणाऱ्यांपैकीही थोड्यांनीच ऐकली असतील. स्पेनच्या उंच पठारावर दिवसा भाजणारं ऊन आणि रात्री अंगावर घोंगडी घ्यावी लागेल अशी थंडी, तिथं आमची टेंप्रानियो मूळची. पोर्तुगालात नदीकाठच्या उभ्या कड्यांवर, फुटक्या पाटीसारख्या दगडात मुळं घालणारी तोरिगा. सिसिलीत ज्वालामुखीच्या राखेवर वाढणारी नेरेल्लो. जॉर्जिया देशातली सापेरावी, जिच्या सालीच्या आतला गरही लाल, आणि जिची वाईन तिथले लोक जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत करतात.

आणि एक बेट. अटलांटिक समुद्रातलं, स्पेनचंच. तिथं पाऊस जवळजवळ पडत नाही, वारा मात्र थांबत नाही. सगळी जमीन काळी राख. तिथले शेतकरी राखेत खड्डा खणतात, त्यात एकच वेल लावतात आणि वाऱ्याच्या बाजूनं दगडांची अर्धगोल भिंत रचतात. राख रात्रीचं दव धरून ठेवते, तेवढ्यावर वेल जगते. त्या काळ्या द्राक्षाचं नाव लिस्तान नेग्रो. मोबाइलवर त्या जागेचं चित्र सापडलं तेव्हा मी बराच वेळ ते मोठं करून बघत बसले. काळ्या उतारावर शेकडो अर्धगोल भिंती, आणि प्रत्येकीच्या कुशीत एक हिरवा ठिपका.

सगळ्या पुस्तकांत फिरून फिरून एकच गोष्ट यायची. खाण्याचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष यांना वेगळ्या तऱ्हेनं वाढवायचं. वाईनच्या वेलीला मण्यांनी रंग धरला की पाणी कमी करत जायचं, शेवटी बंद करायचं. ती तहानली की पानं वाढवणं सोडते आणि जे आहे ते मण्यांत घालते. मणी लहान राहतात, साल जाड होते, रंग आणि चव सालीत असते. वरवर सोपं वाक्य आहे. पण ते आण्णांना कसं सांगायचं, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझी खोलीतली सोबतीण ऋतुजा, महाबळेश्वरच्या खालच्या एका वाडीतली. त्यांच्याकडं स्ट्रॉबेरी. तिला मी हे सांगितलं तर ती हसायला लागली. त्यांच्याकडं पावसाळ्यात चार महिने कपडे चुलीवर वाळवतात, पाणी जाईल कुठून याचीच काळजी. रोपं उंच वाफ्यावर लावतात, मुळाशी पाणी थांबू नये म्हणून. ती म्हणाली की आमच्याकडं ये, आम्ही कुणाचंही पाणी तोडायला एका पायावर तयार आहोत. कृष्णेच्या उगमापाशी ती जन्मलेली, आणि त्याच नदीचं पाणी पंपानं उचलून कालव्यातून आमच्याकडं येतं तेव्हा आमच्या गावात त्याला नारळ फोडतात. त्या रात्री झोपताना मला वाटलं, माणसाची चवही अशीच पाण्यावरून ठरत असेल. ऋतुजा कुठल्याही गोष्टीवर लगेच हसते, लगेच रडते. मला दोन्हीला वेळ लागतो.

जानेवारीच्या एका शनिवारी मी एसटीनं घरी गेले. आण्णा बागेतच होते. मणी नुकते मऊ पडून रंग धरायला लागले होते, एकेका घडात चार मणी जांभळे आणि बाकीचे हिरवे. मी वही काढली, परत ठेवली, आणि मोबाइलवरचं ते बेटाचं चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हे कोकरांचे आडोसे हायत," ते म्हणाले.

वाटेवर असताना वाऱ्यात नवी कोकरं गारठू नयेत म्हणून मेंढपाळ असाच दगडांचा अर्धगोल रचतात. मी लहानपणी पाहिले होते, पण मला ते आठवले नव्हते. मी सांगितलं की आत कोकरू नाही, वेल आहे. त्यांनी पुन्हा पाहिलं. पाऊस किती, पाणी कुठलं, असं विचारलं. मी सांगितलं, दवावर. मग मी वाक्य पुरं केलं, की आपल्या काळीचंही पाणी तोडायला पाहिजे.

"पाणी असून?" त्यांनी विचारलं.

एवढे दोनच शब्द. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. टँकरच्या मागं घागर घेऊन पळालेला माणूस, मेंढरांना आडात उतरून वाटीवाटीनं पाणी काढून पाजलेला माणूस, त्याला मी सांगत होते की चारी भरून वाहत असताना स्वतःच्या हातानं लावलेल्या वेलीला तहानलेलं ठेव. पुस्तकात हे लिहिणाऱ्याला आण्णा माहीत नव्हते.

आठ दिवसांनी त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. एकदम केला नाही, मी सांगितलं तसं आधी रोजचं एक दिवसाआड, मग पूर्ण. त्यावर आईच्या जुन्या साडीची चिंधी गाठ मारून बांधली, चुकून हात जाऊ नये म्हणून. चुकून आणखी कुणाचा जाणार होता? तिथं हात लावणारे तेच एकटे.

त्यानंतरचे आठवडे मी दर शनिवारी घरी जात होते. मैत्रिणी विचारायच्या, गावाकडं एवढं काय आहे. मी म्हणायची, बाग बघायला. दुपारी बागेची पानं कडेनं मिटायची, हाताची ओंजळ करावी तशी. शेजारच्या हिरव्या बागा पाण्यानं तुकतुकीत, आणि आमची मलूल. मॅडमनी सांगितलं होतं की दुपारचं पान बघायचंच नाही, पहाटेचं बघायचं. पहाटे पान ताठ असेल तर वेल ठीक आहे, ती दुपारी नुसती डोळे मिटून बसते. म्हणून मी रविवारी उजाडताना उठून बागेत जायची. थंडीत बोटं बधिर व्हायची. एकेका ओळीत पानाला हात लावायची. ताठ असायचं. तरी पुढच्या ओळीत जाताना पुन्हा भीती वाटायची.

एकदा मी गेले तर आण्णा आधीच तिथं होते. वरच्या बाजूला, मुरमात उकिडवे बसलेले, एका पानाला चिमटीत धरून. मला बघून ते उठले आणि बांध बघायला आल्यासारखं करून निघून गेले.

त्या दिवसांत त्यांनी हिरव्या बागेकडं जायची वाट बदलली होती. काळीच्या कडेनं जायचं सोडून ओढ्यातून वळसा घालायचे. आईनं मला हे सांगितलं. म्हणाली, घरातलं कुणी आजारी असलं की ते अशीच खोली टाळतात. गावातले लोकही बोलायचेच. चावडीपाशी कुणी म्हणालं, पोरीला शिकवली आणि पोरीनं बाग वाळवली. दत्तूकाका, आमच्या बांधाला बांध असलेले, आण्णांच्या लहानपणापासूनचे जोडीदार, ते तर तोंडावर म्हणाले, "गड्या, तुझ्या पोरीच्या कॉलेजात दुष्काळ शिकवत्यात व्हय रं? फुकट होता की आपल्याकडं." आण्णा हसले. मी ऐकते आहे हे त्यांना माहीत होतं. मग दत्तूकाकांना म्हणाले, "तिनं पुस्तकात बघितलंय. आपुन कुटं बघितलंय?"

बागेचं काय होईल याची भीती मला त्या दिवसानंतर दुप्पट झाली. तोवर फक्त बाग होती. आता त्यांचा तो शब्दही होता.

आई या सगळ्यात वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. मी तिला कॉलेजचं काहीबाही सांगत असे. सांगितलं होतं की शेवटच्या वर्षी, एकवीस पुरी झाली की, आम्हाला वाईनची चव घ्यायला शिकवतात. तिचा चेहरा बघून घाईनं म्हटलं, प्यायची नसते, तोंडात घोळवायची आणि थुकायची. भाकरी थापता थापता ती थांबली.

"थुकायचीच हाय तर तोंडात कशाला घ्यायची?"

मला नीट सांगता आलं नाही. चव कळण्यापुरती, म्हटलं. ती म्हणाली, कालवण थुकून मीठ कळतं का कधी, गिळल्यावरच कळतं. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आगं, कंपनीचं काम असतंय त्ये. त्येला तसंच असतंय." त्यांना तरी काय माहीत होतं? पण माझी बाजू घ्यायची, हे त्यांनी त्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारी संपत आला. दीक्षित सर येणार त्या सकाळी मी कॉलेज बुडवून घरी होते. सर गाडीतून उतरले, आईच्या हातचं पाणी प्यायले आणि घरामागून सरळ बागेत शिरले. घराला लागून भांडी घासायचा दगड आहे आणि त्याला लागूनच बागेच्या पहिल्या ओळीची पहिली वेल. सरांनी त्याच वेलीवरचा मणी तोडला.

मला लांबूनच दिसलं. ती वेल हिरवीगार होती. पानं रुंद, घड टपोरे. सगळ्या बागेत तेवढी एकच. सरांनी साल चावली, बी फोडली, आणि त्यांचा चेहरा गेल्या वर्षीसारखाच झाला. त्यांनी हातातला दुसरा मणी टाकून दिला. साखर मोजायचं यंत्र त्यांनी खिशातून काढलंच नाही. आण्णांकडं वळून म्हणाले, "अण्णा, पाणी तोडलं नाही का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. मी पुढं होऊन काहीतरी म्हणणार, तेवढ्यात मागून आई आली. पदर तोंडाशी धरलेला.

"सायेब, ती माजी हाय," ती म्हणाली. "त्येंनी न्हाई दिलं पानी. रोज भांड्याचं पानी मी तिलाच घातलंय. समद्यांना तहानलेलं बघवंना, म्हून एकीला."

आण्णा व्हॉल्व्हवरच्या चिंधीकडं बघत होते, जशी ती त्यांना आत्ताच दिसत होती. मग दीक्षित सर हसले. मोठ्यानं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. म्हणाले, "वहिनी, बरं झालं. आता मला फरक नीट कळेल." आणि ते ओळीत आत शिरले.

आम्ही तिघं बांधावर उभे राहिलो. सर खालच्या बाजूनं फिरले. दोन ठिकाणी चाखलं, यंत्रावर रस टाकून बघितला, मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग वर चढले, मुरमाकडं. त्या बाजूला आण्णा पाहुण्यांना कधी नेत नसत. तिथं वेली खुज्या, घड मुठीएवढे, मणी करवंदाएवढे. लाज वाटावी अशी बाजू. सर तिथंच थांबले. एक मणी, दुसरा, तिसरा. मग ते चक्क खाली बसले, जिथं आण्णा त्या पहाटे बसले होते त्याच्याच आसपास, आणि बोटानं मुरूम उकरून हातात घेतला.

परत आले तेव्हा त्यांची बोटं जांभळी झाली होती. म्हणाले की खालच्या बाजूचं मी घेऊ शकत नाही, काळी माती पाणी धरते, तिथं तुम्ही कितीही तोडलं तरी वेलीला तहान लागत नाही. ते तुम्ही हिरव्याचं करा. वरचं मात्र मी वेगळं ठेवणार आहे, वेगळ्या टाकीत. "ही तुमच्या माळाची चव आहे अण्णा," ते म्हणाले, "ती मला दुसरीकडं मिळणार नाही."

म्हणजे अर्धी बाग राहिली. लिहिताना वाटतं, पुरी राहिली असती तर गोष्ट चांगली झाली असती. पण राहिली ती अर्धी, आणि ती मुरमाची. आण्णांनी विचारलं, तोडणी कवा. सर म्हणाले, चार दिवसांनी, पहाटेच्या गारव्यात.

ती तोडणी मला वासानं आठवते. थंड पानांचा वास, क्रेटच्या प्लॅस्टिकचा, आणि फुटलेल्या मण्यांवर माश्या यायच्या आधीचा तो पहिला गोड, तुरट वास. बोटांना चिकटपणा नव्हता, रंग होता. दत्तूकाकाही कात्री घेऊन आले. खाली बसून घड तोडता तोडता त्यांनी एक मणी खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "लय बी हाय की रं हिच्यात." तरी दुसरा खाल्ला. आईनं तिच्या वेलीचे घड कुणाला तोडू दिले नाहीत. ते तिनं टोपलीत काढले आणि गल्लीत वाटले. पोरांनी बिया उडवत खाल्ले.

पुढं खालच्या बाजूची खोडं कापली गेली, कलमं चढली. मी तिसऱ्या वर्षाला गेले, चौथ्या वर्षाला आले. काळीची वाईन कुठं कुणाच्या लाकडी पिंपात आहे, याचा विचारही परीक्षांच्या गडबडीत मागं पडला.

गेल्या डिसेंबरात प्रशिक्षणासाठी मला त्याच वायनरीत पाठवलं. मला एकवीस पुरी झाली होती. पंधरा दिवस मी टाक्यांची तापमानं लिहीत होते. शेवटच्या दिवशी दीक्षित सरांनी आम्हा चौघींना चवीच्या खोलीत बसवलं. पांढरं टेबल, प्रत्येकाच्या डाव्या हाताला थुंकायचं भांडं. सहा पेले. त्यांनी कुठलं काय ते सांगितलं नाही, लिहून काढा म्हणाले. मी पहिल्या पाच पेल्यांचं शिकवलं होतं तसं केलं. रंग, वास, घोळवणं, थुंकणं. वहीत लिहिलं: पिकलेलं फळ, मिरी, ओलं लाकूड.

सहावा पेला नाकाशी नेला. त्यात काय होतं ते मला अजून शब्दांत धरता येत नाही. उन्हात तापलेल्या मुरमावर संध्याकाळी येतो तसा कोरडा वास. करवंदाची साल. आणि खूप मागं, मेंढरं उठून गेल्यावर वाड्यात उरते तशी ऊब. मी तोंडात घेतलं. तुरट, घट्ट, हळूहळू उघडणारं. बाकीच्या मुली थुंकून लिहायला लागल्या होत्या. सर माझ्याकडं बघत होते, मग त्यांनी नजर खिडकीकडं वळवली.

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. आण्णांनीच उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं, आधी पाच पेले, मग सहावा, आपल्या काळीचा. वास सांगितला. मुरमाचा म्हटल्यावर ते 'हां' म्हणाले. मेंढरांच्या वाड्याचं सांगितल्यावर नुसता माळावरचा वारा ऐकू येत राहिला.

मग त्यांनी विचारलं, "थुकलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. कामाचा भाग म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मान्यही केलं असतं. ते घर आठवलं, ज्यात बारा-तेरा वर्षं कुणी हिच्या थेंबाला शिवलं नव्हतं.

"न्हाई आण्णा," मी म्हटलं. "नाही थुकता आली."

पलीकडं त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि मग, नेहमीसारखं, "जेवलीस का?"